स्पेनचे अकरा गुण

मागच्या बैठकीत आमच्या दिंद्रुडच्या गटातल्या एका ताईंनी विषय काढला, "मॅडम, स्कूटी विकते अन् कर्ज फेडून मोकळी होते." कर्ज गटाचंच. शिकताना आठव्या दिवशी खडीवर घसरल्या, कोपर सोलून निघालं. घरचे म्हणाले, हे बायकांचं काम नाही. मी त्यांना वहीत ऐश्वर्या पिसेचा हिशेब मांडून दाखवला. तोच आज तुम्हाला सांगते.

ऐश्वर्या बंगळुरूची. २०१९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिनं मोटरसायकलच्या बाहा विश्वचषकात महिला गटाचा किताब जिंकला. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. बाया-पुरुष दोन्ही धरून सांगतेय.

बाहा म्हटल्यावर जत्रेतला मौत का कुआं डोळ्यांपुढे आणू नका. इथं गोल फिरायचं नसतं. वाळू, दगडगोटे, ओढे, चढउतार, असं शेकडो किलोमीटर जायचं. एकेकाला थोड्या थोड्या वेळानं सोडतात, ज्याला कमी वेळ लागला तो पुढे. वाट सांगायला सोबत कुणी नाही. हँडलवर कागदाची गुंडाळी असते, त्यावर खुणा: इतक्या किलोमीटरवर डावीकडे वळा, पुढं खड्डा आहे. गाडी पळवता पळवताच ती सरकवत वाचायची. आपल्याला चालत्या गाडीवर पदर सावरायचा म्हटलं तरी धडकी भरते.

आणि एका शर्यतीत किताब ठरत नाही. वेगवेगळ्या देशांत फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीचे गुण मांडतात, आपण बचत मांडतो तसे. पहिलीला २५, तिसरीला १६, चौथीला १३, पाचवीला ११. ऐश्वर्या दुबईत पहिली आली, पोर्तुगालमध्ये तिसरी, स्पेनमध्ये पाचवी, शेवटी ऑगस्टमध्ये हंगेरीत चौथी. करा बेरीज. ६५. पोर्तुगालच्या रीटा व्हिएराचे गुण ६१. फरक चारचाच, आणि पहिला नंबर तर एकदाच आलेला!

आता यातून स्पेनचे अकरा वजा करून बघा. ५४ उरतात, किताब रीटाकडे जातो. या स्पेनमध्येच आदल्या वर्षी, २०१८ला, ऐश्वर्या गाडीवरून पडली होती. पोटात स्वादुपिंडाला जबर मार बसला, कित्येक महिने गाडीला हात लावता आला नाही. वर्षभरानं ती त्याच शर्यतीला परत गेली आणि पाचवी आली.

ताई म्हणाल्या, "पण हे बायका-बायकांतच ना?" मी सांगितलं, त्याच वर्षी ज्युनियर गटात ती ४६ गुणांनी दुसरी आली. पहिला आला चिलीचा तोमास दे गावार्दो, ६० गुणांनी. त्या गटात मुलं-मुली एकत्र मोजतात.

ताई गप्प बसल्या. मग वही ओढून बेरीज पुन्हा करून पाहिली. स्कूटीचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवलाय. तोवर हेल्मेट घ्यायला मात्र मी लावलं आहे.