हजेरी, तडीपारी आणि इंटरनेट

अपराधी मनुष्यावर शासनाने किती काळ आणि किती निकटून नजर ठेवावी, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरच्या वकीलवर्गाला नवा नाही. जालना जिल्ह्यातून दोन वर्षांकरिता तडीपार केलेल्या एका इसमाची याचिका येथील खंडपीठाने फेटाळली, तेव्हा त्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आणि २८ जानेवारी २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांनी तो हुकूम रद्द करताना असे बजावले की, तडीपारी हा असाधारण उपाय असून तिने नागरिकाच्या संचारस्वातंत्र्याचा संकोच होतो, म्हणून कायद्याने दिलेली कमाल मुदत संपूर्णपणे वापरायची असेल तर तिची आवश्यकता अधिकाऱ्याने विचारपूर्वक ठरविली होती, हे हुकुमावरूनच दिसले पाहिजे.

जालन्याच्या बाबतीत विचारला गेलेला हा प्रश्न अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांच्या संदर्भात इंटरनेटपुरता विचारला गेला आहे. त्या देशात अशा अपराध्यांची सरकारदफ्तरी नोंद होते, तिचा मोठा भाग जनतेस खुला असतो, आणि शिक्षा संपली तरी नोंद संपत नाही. पुढे काही राज्यांनी या नोंदीला इंटरनेटची जोड दिली, ती दोन प्रकारांनी. एक प्रकार तडीपारीचा, दुसरा हजेरीचा.

नॉर्थ कॅरोलायनाने पहिला स्वीकारला. मुलांना सदस्य होता येते अशा समाजमाध्यमांवर नोंदीतील मनुष्याने पाऊल ठेवणे हाच तेथे गुन्हा ठरला. वाहतुकीचा दंड माफ झाल्याबद्दल २०१० मध्ये फेसबुकवर देवाचे आभार मानणाऱ्या एका तरुणावर याच कलमाखाली खटला चालला. त्या मजकुरात कोणा बालकाचा उल्लेखही नव्हता. १९ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने घटनाबाह्य ठरविला. न्या. केनेडी यांचे म्हणणे असे की, ज्या ठिकाणी आज माणसे बातमी वाचतात, नोकरी शोधतात आणि राजकारणावर वाद घालतात, त्या ठिकाणाहून कोणाला सरसकट हाकलणे म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या कायदेशीर वापरालाच मज्जाव करणे होय. बालकाशी संपर्क साधण्याचा प्रयत्न, अशा नेमक्या कृतीवर बंदी घालण्याची मुभा मात्र न्यायालयाने राज्यांना ठेवली, आणि ती ठेवणे योग्यच होते.

हजेरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रचंड बहुमताने असा कायदा संमत केला की, नोंदीतील सत्तर हजारांहून अधिक माणसांनी आपले ई-मेल पत्ते आणि इंटरनेटवर धारण केलेली नावे पोलिसांस कळवावीत, व नवे नाव घेतल्यास चोवीस तासांत लेखी वर्दी द्यावी. एखाद्या वृत्तपत्रातील बातमीखाली टोपणनावाने राजकीय मत मांडायचे झाले तरी वर्दी! २०१४ मध्ये अपील न्यायालयाने या कायद्यावरील स्थगिती कायम केली. काय कळवायचे हे संदिग्ध, मुदत जाचक, आणि कळविलेली नावे जनतेत फुटणार नाहीत याची हमी अपुरी, हे त्यातील दोष. उलट यूटाचा तत्सम कायदा २०१० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयात टिकला, कारण तेथे ही माहिती तपासापुरतीच राहील असा बंदोबस्त होता. म्हणजे हजेरी मुळातच निषिद्ध नाही. तिची व्याप्ती आणि तिचे दफ्तर कोणाच्या हाती पडते, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी गृहमंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आरंभीच तीत चार लाख चाळीस हजारांवर नोंदी होत्या. ती केवळ पोलीसयंत्रणेस पाहता येते. इंटरनेटवरील नावे कळविण्याची सक्ती तीत नाही, म्हणून तिला त्या अंगाने आव्हानही नाही. पत्त्याची हजेरी मात्र आपल्या कायद्यास जुनीच ओळखीची: विशिष्ट गंभीर गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यास सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत निवासाची खबर देण्यास फर्मावण्याचा अधिकार न्यायालयांना आहे.

उद्या इंटरनेटवरील नावे कळविण्याची सक्ती आली तर तिची परीक्षा कोणत्या कसोटीवर होईल? १९६२ च्या खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री घरी येऊन पाहणी करण्याचा पोलिसांचा अधिकार रद्द केला, पण उरलेली पाळत चालू ठेवली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणास मूलभूत हक्क मानले. तेव्हापासून अशा प्रत्येक नियमाला कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणात साधन, ही तिन्ही दाखवावी लागतात. ८ जुलै २०२४ रोजी न्या. ओक यांच्याच खंडपीठाने, जामिनावरील आरोपीने गुगल नकाशावर आपला ठिकाणा सतत दाखवावा, ही अट रद्द केली.

मराठवाड्याच्या वाचकास हजेरी हा शब्द उच्चारताच पारधी-कैकाड्यांची हजेरी आठवेल. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्माच्या आधारे माणसांना संशयित ठरविले आणि त्यांचा अंमल ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. दोषी ठरलेल्या लैंगिक गुन्हेगाराची गोष्ट अर्थातच वेगळी. त्याचा अपराध सिद्ध झालेला असतो आणि अत्याचारित बालकाचे दुःख खरे असते. तरीही हजेरी घेणारे दफ्तर एकदा उघडले की ते आपण होऊन मिटत नाही, हा अनुभव दोहींकडे सारखाच. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या निकालाचा धडा घेऊन कायदा सुधारला आणि ज्यांच्या गुन्ह्यात इंटरनेटचा वापर झाला अशांपुरतीच वर्दीची सक्ती ठेवली. माझ्या मते आपल्या घटनेपुढे टिकेल तो एवढाच मर्यादित नियम. त्याहून रुंद जाळे येथेही न्यायालयात फाटेल.