एका हाताला बीपी कमी, दुसऱ्याला जास्त? तरुण बायांनी अंगावर काढू नये. ‘ताकायासु’ आजार समजून घ्या

गोरेगाव, आरे कॉलनी : वय पंचवीस-तीस. हंडा धरला, धुणं पिळलं की हात लगेच भरून येतो, गळून जातो. मधूनच चक्कर येते, अंगात कणकण राहते, वजन उतरतं. आरेच्या २७ आदिवासी पाड्यांत काय किंवा जव्हार-मोखाड्याकडे काय, बाईने अशी तक्रार केली की घरात उत्तर ठरलेलं असतं, ‘अशक्तपणा आहे, रक्त कमी असेल.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही जणींमध्ये दुखणं रक्तवाहिनीत असतं आणि ते वर्षानुवर्षे सापडत नाही. त्या आजाराचं नाव ताकायासु.

आजार नेमका काय?

हृदयातून निघून छाती-पोटातून खाली जाणारी शरीरातली सर्वात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. हात, मेंदू, मूत्रपिंड, पाय यांच्या रक्तवाहिन्या तिच्यातूनच फुटतात. ताकायासुमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती या वाहिन्यांच्या भिंतीवर उलटते. भिंत सुजते, जाड होते आणि आतली वाट अरुंद होते.

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. मेन पाइप आतून बुजत आला की मोटार चालू असूनही शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसंच इथे होतं. हाताची वाहिनी बुजली तर हात गळतो आणि नाडी हाताला लागत नाही. मानेतली बुजली तर चक्कर, अंधारी. क्वचित भिंत कमकुवत होऊन फुग्यासारखी फुगते.

नाव जपानी, पण आजार आपल्याकडेही

जपानचे नेत्रतज्ज्ञ डॉ. मिकितो ताकायासु यांनी १९०८ मध्ये २१ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांची वेगळीच रचना नोंदवली. त्यावरून हे नाव पडलं. आजार दुर्मीळ आहे, पण आशियात जास्त दिसतो. रुग्णांत बहुतांश महिला, त्याही चाळिशीच्या आतल्या.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात या आजारावर मोठं काम झालं. १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदयरोपण करणारे डॉ. पी. के. सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये महाधमनीचा मधला भाग अरुंद झालेल्या रुग्णांवर शोधनिबंध लिहिला. १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासाचं पुस्तकही काढलं.

बीपीचं मशीन इथे फसतं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. मूत्रपिंडाची वाहिनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला वाटतं, शरीरात रक्तच कमी पडतंय. मग ते बीपी वाढवणारी द्रव्यं सोडतं. भारतातल्या रुग्णांत वाढलेलं बीपी वारंवार आढळतं. पण ज्या हाताची वाहिनी बुजली आहे, त्याच हाताला पट्टा बांधला तर आकडा कमी किंवा नॉर्मल येतो. बाई ‘बीपी ठीक आहे’ म्हणून घरी जाते आणि आत खरं बीपी हृदयावर, मेंदूवर ताण देत राहतं. गरोदरपणात तर हा धोका आईला आणि बाळालाही असतो.

म्हणून तरुण बाईला वरची लक्षणं असतील तर एएनएम ताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, ‘दोन्ही हातांचं बीपी बघा.’ वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला, किंवा एका मनगटाची नाडी लागतच नसेल, तर मोठ्या रुग्णालयात दाखवा. फरक आला म्हणजे ताकायासुच, असं नाही. कारण शोधायला हवं एवढंच. दोन्ही हातांच्या वाहिन्या बुजल्या असतील तर डॉक्टर पायाचं बीपी बघतात.

टीबी आहे का?

ताप, वजन घटणं ही सुरुवातीची लक्षणं टीबीसारखीच. भारतात या आजाराचा टीबीशी संबंध असावा असा संशय अनेक वर्षांपासून आहे, पण तो सिद्ध झालेला नाही. ताकायासु संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, स्पर्शाने होत नाही. ही कुणाची करणीही नाही.

तपासणी आणि उपचार

ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या सुजेचा अंदाज देतात. डॉप्लर सोनोग्राफी, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत वाहिनी कुठे अरुंद झाली ते दिसतं. आरेकरांना जोगेश्वरीचं ट्रॉमा केअर आणि जुहूचं कूपर ही महापालिकेची रुग्णालयं जवळ आहेत. पुढच्या उपचारांसाठी केईएमसारख्या ठिकाणी ऱ्हुमॅटॉलॉजी विभाग आहे. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा.

उपचार लांबचा आहे. स्टेरॉईडने सूज उतरवतात, सोबत मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिनसारखी औषधं देतात. वाहिनी फारच अरुंद असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करतात, पण शक्यतो सूज शांत झाल्यावर.

हे लक्षात ठेवा

- बरं वाटलं म्हणून स्टेरॉईड एकदम बंद करू नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.
- मेथोट्रेक्सेटची गोळी या आजारात आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.
- मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही.
- कोणत्या हाताचं बीपी खरं येतं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि दर वेळी दाखवा.
- छातीत-पाठीत अचानक जोराची कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एकदम दिसेनासं होणं, असं काही झालं तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

हा आजार मुळापासून जात नसला तरी वेळेत सापडला तर ताब्यात राहतो. औषधं आणि तपासण्या नियमित ठेवून अनेक जणी घर, काम, संसार नीट सांभाळतात. सुरुवात मात्र दुसऱ्या हाताला पट्टा बांधण्यापासून करावी लागते.