खाण बदलते तशी जाळी बदलते

बालाघाट शहराला लागूनच भरवेली आहे आणि भरवेलीच्या पोटात मँगनीजची खाण. रस्त्याने जाणाऱ्याला दिसतो तो शाफ्टवरचा उंच सांगाडा, खनिजाचे काळे ढीग आणि पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी माणसं. खरं काम चालतं ते जमिनीखाली, चारशे मीटरच्या आसपास. आशियातली सर्वांत खोल भुयारी मँगनीज खाण म्हणून तिचं नाव घेतलं जातं. एवढ्या खोलीवर दगड काढायचा आणि वरचा दगड खाली येऊ द्यायचा नाही, यासाठी आधी आकडेमोड करावी लागते. मला लिहायचं आहे ते त्या आकडेमोडीबद्दल, आणि त्यातही ती डोळ्यांना कशी दाखवायची याबद्दल. कारण माझ्या मते अर्धी सुरक्षितता तिथे आहे.

ही खाण मॉइलची. कंपनीचं मुख्यालय नागपूरला, आणि खाणी बालाघाट, भंडारा, नागपूर या सलग पट्ट्यात: भरवेली, उकवा, तिरोडी इकडे, चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री, गुमगाव तिकडे. 1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने ब्रिटिश कंपनी सुरू झाली, 1962 मध्ये भारत सरकार आणि दोन्ही राज्यं भागीदार होऊन मॉइल झाली, 1977 मध्ये ब्रिटिशांचे उरलेले शेअर सरकारने घेतले. राज्यांची सीमा मधल्या काळात आली. दगडाला ती ठाऊक नाही. या पट्ट्यातल्या मँगनीजवाल्या एका खडकाला लुईस फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटलं. भारतातल्या मँगनीजवरचा त्याचा भला मोठा ग्रंथ 1909 चा. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत तो शब्द आजही आहे, आणि आपल्याकडे शाळेत तो कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

इथलं खनिज तिरप्या, उभ्याकडे झुकलेल्या पट्ट्यात असतं. ते खालून वर काढत जातात. एक आडवा काप घ्यायचा, खनिज बाहेर न्यायचं, मग उरलेल्या पोकळीत वाळू पाण्यात कालवून पाइपातून सोडायची. पाणी निथळून जातं, वाळू बसते. त्या वाळूवर उभं राहून डोक्यावरचा पुढचा काप घ्यायचा. म्हणजे कामगाराच्या पायाखाली वाळू, डोक्यावर खनिज, आणि बाजूला खडकाची कललेली भिंत, जिला खाणीत हँगिंग वॉल म्हणतात. छत पक्कं आहे का हे बघायची जुनी रीत म्हणजे सब्बलीने ठोकून ऐकणं. दगड खणखणीत वाजला तर ठीक. पोकळ, भद्द आवाज आला तर मागे सरकायचं. ती रीत आजही सोडलेली नाही आणि सोडूही नये.

आता आकडे. खडक पाण्याच्या सुमारे 2.7 पट जड धरला तर चारशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर 1,080 टन वजन बसतं. त्यात गोल बोगदा पाडला की बोगद्यातल्या दगडाने पेललेला भार कडेच्या दगडाला उचलावा लागतो. आडवा दाब शून्य धरला तर कडेला तो तिप्पट होतो, चारी बाजूंनी सारखा धरला तर दुप्पट. जर्मन इंजिनिअर किर्श याने हे गणित 1898 मध्येच कागदावर सोडवलं. पण ते गोल भोकासाठी. खाणीत गोल काहीच नसतं. शेजारी दुसरा स्टोप (खनिज काढायची पोकळी), मधे सोडलेला पिलर, खाली भरलेली वाळू, एखादी भेग. कागदावरचं सूत्र तिथे थांबतं.

तिथून फायनाईट एलिमेंट पद्धत सुरू होते. खडकाच्या मोठ्या ठोकळ्याचे हजारो-लाखो लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यापुरतं साधं गणित मांडायचं आणि सगळ्या तुकड्यांचे कोपरे एकमेकांना जोडून ते एकत्र सोडवायचं. या तुकड्यांची मिळून होते ती जाळी, मेश. रिचर्ड कूरांट याने त्रिकोणांचे तुकडे करून असं गणित 1943 मध्ये मांडलं होतं. 1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी ते विमानाच्या पंखांसाठी कामाला लावलं, आणि 1960 मध्ये क्लफने पद्धतीला आजचं नाव दिलं. पंख बनवताना त्याचा आकार ठरलेला असतो. खाणीचा आकार मात्र रोज बदलतो.

म्हणून खाणीच्या मॉडेलमध्ये एकाच तुकड्याला तीन जन्म असतात. आधी तो खनिज, मग पोकळी, मग वाळू. हे क्रमाने करावं लागतं, कारण खडक एकदा तुटला की पुन्हा सांधत नाही, आणि वाळू भरली जाते ती आधीच थोड्या आत सरकलेल्या भिंतींच्या मध्ये. सगळे काप एकदम काढून मोकळं व्हावं असं तरुण इंजिनिअरला वाटतं, वेळही वाचतो. पण दगड जिथे तुटण्याच्या बेताला येतो तिथे कोणता काप आधी घेतला यावर शेवटचं उत्तर अवलंबून असतं.

काढलेला दगड मॉडेलमधून काढायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे तो जागेवरच ठेवून त्याचा कणखरपणा नाहीसा करायचा. एका प्रसिद्ध पॅकेजमध्ये तो आपोआप मूळच्या दहा लाखाव्या हिश्शावर आणला जातो, आणि तुकडा ‘मेला’ असं म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे पोकळीच्या नव्या आकाराभोवती जाळी नव्याने विणायची. जिथे ताण एकवटतो तिथे बारीक, दूर जाड. पहिला मार्ग सोपा, दुसरा जास्त अचूक, आणि चित्र काढताना दोन्ही फसवतात.

पहिल्यात मेलेला दगड चित्रातून जात नाही. मुद्दाम वगळला नाही तर तो तिथेच रंगवलेला दिसतो. त्यातून एक बारीक घोटाळा होतो. रंग गुळगुळीत दिसावा म्हणून सॉफ्टवेअर एका कोपऱ्याला चिकटलेल्या सगळ्या तुकड्यांची सरासरी काढतं. पोकळीच्या कडेला त्यात जिवंत दगडाचा मोठा ताण आणि मेलेल्या दगडाचं जवळपास शून्य, दोन्ही मिसळतात. कडेचा ताण चित्रात निम्म्यावर येऊ शकतो. ज्या रेषेवर सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं, नेमकी तीच मऊ होते. दगड आणि वाळू यांच्या सीमेवरही हेच होतं. उपाय साधा आहे: सीमेपलीकडची सरासरी काढायची नाही, आणि शक्य तिथे प्रत्येक तुकड्याचा आपला रंग तसाच दाखवायचा. चित्र खडबडीत दिसतं. दिसू द्यावं.

दुसऱ्या मार्गात जाळीच नवी असते, त्यामुळे ओळख हरवते. बाराव्या कापाला 4,127 क्रमांकाचा बिंदू डाव्या भिंतीवर असतो, तेराव्या कापाला तोच क्रमांक भलत्याच कोपऱ्यात जातो. क्रमांक धरून आलेख काढला तर मधेच उडी दिसते आणि भिंत सरकली असं वाटतं. सरकलेलं काहीच नसतं, नुसती नावं बदललेली असतात. म्हणून क्रमांक सोडून जागा धरावी लागते: इतके मीटर पूर्वेला, इतके खोल, तिथला ताण प्रत्येक पायरीला किती? फायलीतही प्रत्येक पायरीबरोबर तिची स्वतःची जाळी लिहावी लागते. एकदा जाळी लिहून पुढे नुसते आकडे लिहिण्याची काटकसर इथे चालत नाही. डिस्क भरते, भरू द्यायची.

आणि इथेच ती चूक असते जिची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. आपण एका जागेचा ताण विचारत बसलो आणि चौदाव्या कापाला ती जागा पोकळीत गेली. तिथे आता दगडच नाही, उत्तर काय देणार? काही साधनं अशा जागी शून्य भरतात, आणि हा आकडा खरा नाही अशी खूण वेगळ्या यादीत ठेवतात. ती यादी कुणी उघडत नाही. शून्याला रंगपट्टीत गडद निळा मिळतो, आणि निळा म्हणजे निवांत अशी आपल्या डोळ्यांची सवय. छत गेलं तिथे चित्रात सर्वांत शांत रंग. पोकळी ही पोकळी म्हणून, पांढरी, रिकामी दिसली पाहिजे. हा रंगसंगतीचा प्रश्न नव्हे; त्या छताखाली माणूस उभा असतो.

रंगपट्टीचंही तसंच. प्रत्येक पायरीला पट्टी आपोआप ताणू दिली तर पहिल्या कापातला लाल आणि विसाव्या कापातला लाल यांचे आकडे वेगळे होतात. चलच्चित्र बघणाऱ्याला वीस काप सारखेच तांबडे दिसतात आणि ताण वाढत गेला हेच कळत नाही. पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवावी, तिच्यावर दगड तुटायचा आकडा ठळक लिहावा.

ही चित्रं काढायची साधनं आज फुकट मिळतात, आणि त्यातलं एक आपल्या जवळचं आहे. व्हीटीके हे मूळ सॉफ्टवेअर विल श्रोडर, केन मार्टिन आणि बिल लोरेन्सन यांनी 1993 मध्ये सुरू केलं. चित्रं दाखवणारं पॅराव्ह्यू त्याच्यावरच उभं आहे. त्याच व्हीटीकेवर प्रभू रामचंद्रन यांनी या शतकाच्या सुरुवातीला पायथॉन भाषेत ‘मायावी’ लिहिलं. ते पुढे आयआयटी मुंबईत एरोस्पेसचे प्राध्यापक झाले. गाएल वारोको यांच्यासोबत त्यांनी 2011 मध्ये मायावीवर लिहिलेला शोधनिबंध जगभर वापरला जातो. नाव सार्थ आहे: नसलेलं दाखवणारा तो मायावी. आपलं काम एवढंच, की जे मुळात नाही ते दगड म्हणून दाखवू नये. जाळी विणायला जीमेश आहे, तेही मोफत.

बालाघाट जिल्ह्यातच बैहरच्या पुढे मलाजखंड आहे, हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण, 1982 पासूनची. तिथे वरून खोदलेल्या प्रचंड खड्ड्याच्या खाली आता भुयारी काम आलं आहे. वरचा खड्डा, मधे राखलेला दगडाचा थर, खाली वाढत जाणारे स्टोप: बदलत्या जाळीसाठी याहून अवघड उदाहरण देशात क्वचित सापडेल. एकाच जिल्ह्यात अशा दोन खाणी असणं ही अभ्यासाची मोठी संधी आहे.

म्हणून बालाघाट, गोंदिया, तुमसर, भंडारा इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. गोल भोकाचं साधं मॉडेल आजच करा आणि किर्शचं उत्तर येतं का ते पाहा. मग एकेक काप काढा, वाळू भरा आणि प्रत्येक पायरीचं चित्र जाळीच्या रेषांसकट काढा. आणि जे खाणींसाठी असे अहवाल लिहितात त्यांना एक मागणं. चित्राखाली कापाचा क्रमांक लिहा, पट्टी एकच ठेवा, पोकळी रिकामी सोडा, अक्षरं हिंदीत आणि मराठीत घाला. मग तो कागद कपाटात न ठेवता शाफ्टच्या तोंडाशी, पाळीची हजेरी लागते तिथे लावा.