'रश अवर २' : घरी बघताना

१९९८ च्या 'रश अवर'चा हा दुसरा भाग २००१ मध्ये आला. हाँगकाँगचा इन्स्पेक्टर ली (जॅकी चॅन) आणि लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय पोलीस कार्टर (ख्रिस टकर) बनावट डॉलरवाल्या टोळीमागे लागतात. कथा बेताची, पण बांबूच्या परांचीवरची मारामारी पाहावीच.

खटकते ते वेगळेच. कार्टरचा ठोसा चुकून लीला बसतो आणि तुम्ही सगळे सारखेच दिसता, असे म्हणून तो मोकळा होतो. रंगावरून हिणवले जाणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्याच तोंडी हा विनोद! आपणही हसतो, मग ओशाळतो.

डीव्हीडीवर वगळलेले प्रसंगही आहेत. मुले सोबत असतील तर मसाज पार्लरचा प्रसंग पुढे सरकवा. शेवटची नामावली मात्र बंद करू नका; जॅकीच्या फजित्या तिथेच आहेत.