उताराच्या वाटेने वेल्स

कार्डिफपासून वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील लॅनडिडनोपर्यंत जाणारा ‘ए ४७०’ हा सुमारे ३०० किलोमीटरचा मार्ग, परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या जुन्या रस्त्यांना एकाच क्रमांकाखाली गोवून सिद्ध झालेला असल्यामुळे, कोठे प्रशस्त चौपदरी आहे, तर कोठे मेंढ्यांच्या कुरणांभोवतीच्या दगडी बांधांमधून वळणे घेत जातो. मोटार न थांबवता हाकली तर पाचएक तासांत तो संपतो. पण थांबल्यावाचून हा मुलूख उमगत नाही, कारण येथील पुष्कळशी शोभा उद्योगांच्या अवशेषांवर उगवलेली आहे.

पहिला थांबा अबरव्हॅनचा. महामार्गावरूनच दरीपलीकडे स्मशानभूमीतील पांढऱ्या कमानींची रांग दृष्टीस पडते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, डोंगरउतारावरील झऱ्यावर रचलेला कोळशाच्या खाणीतील मातीचा ढीग सुटून शाळेवर व घरांवर कोसळला आणि १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. चौकशीत दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाचा ठरला; तरीही उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चासाठी मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेण्यात आले, आणि ती रक्कम परत मिळण्यास १९९७ साल उजाडावे लागले. सरकारी दफ्तराची अशी निष्ठुरता क्वचितच पाहावयास मिळते.

पुढे ब्रेकन बीकन्सचे उघडे डोंगर लागतात. ८८६ मीटर उंचीच्या पेन-अ-व्हॅनवर चढणाऱ्यांची येथे सदैव वर्दळ असते; ज्यांना गर्दी नको, त्यांनी सरळ रेयडर गाठावे.

रेयडर या छोट्याशा बाजारगावापासून एलान खोरे अगदी जवळ आहे, आणि सबंध प्रवासात सर्वांत अधिक वेळ द्यावा तो येथेच. दूषित पाण्यामुळे रोगराईने गांजलेल्या बर्मिंगहॅमने १८९२ मध्ये पार्लमेंटचा कायदा मिळवून हे खोरे ताब्यात घेतले आणि १८९३ मध्ये येथे धरणांच्या बांधकामास प्रारंभ केला. १९०४ च्या जुलैमध्ये राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते त्यांचे उद्‌घाटन झाले. घडीव दगडांच्या त्या भिंतींवरून पावसाळी दिवसांत पाणी शुभ्र पडद्यासारखे ओसंडते, तेव्हा हे मानवी हातांचे काम आहे याचा क्षणभर विसर पडतो. कौतुकाची गोष्ट अशी की, सुमारे ११७ किलोमीटर दूरच्या शहरापर्यंत हे पाणी पंपाच्या साहाय्यावाचून, केवळ किंचित उताराच्या जोरावर वाहत जाते. मात्र या जलाशयांखाली घरे, शाळा, प्रार्थनामंदिर गेले, शंभरेक माणसे उठली, आणि भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांच्या वाट्यास काही आले नाही.

उतारावरून संपत्ती बाहेर नेण्याची हीच युक्ती उत्तरेस ब्लायनाय फेस्टिनिऑग येथे त्याआधीच योजली गेली होती. येथील पाटीच्या दगडाने भरलेले डबे १८३६ मध्ये सुरू झालेल्या अरुंद लोहमार्गावरून आपल्याच भाराने बंदराकडे घसरत जात. रिकामे डबे परत ओढून आणणारे घोडे उतरतीच्या प्रवासात मात्र स्वतः एका डब्यात उभे राहून ऐटीत जात! आज त्याच मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडी प्रवाशांना नेते.

गावाभोवती फुटक्या दगडांचे करडे डोंगर रचलेले आहेत. त्यांपायी १९५१ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना हे गाव वगळण्यात आले, आणि चहूबाजूंस उद्यान व मध्ये वगळलेले गाव असा चमत्कारिक नकाशा तयार झाला. पुढे २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्समधील पाटीच्या खाणींचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून मान्य केला, त्यात या गावाच्या खाणीही आल्या. मुक्कामास लॅनडिडनोतील समुद्रकाठची हॉटेले अधिक सोयीची खरी. माझी शिफारस मात्र ब्लायनायची, आणि तीही पावसाच्या दिवसाची, कारण कोरड्या हवेत निस्तेज वाटणाऱ्या या दगडाचा निळसर रंग भिजल्यावरच उठून दिसतो.