गव्हाविना खाऊ – लेखांक ६ : भीती हिंगाची, घात गिरणीचा

या आठवड्यात चकली व्हायची होती, ती पुढे ढकलतो आहे. उकडीवरचा लेख वाचून एका वाचक बाईंनी विचारलं आहे, की चकलीच्या भाजणीत गहू नाही, तांदूळ, डाळी, धणे-जिरे सगळं चालण्यासारखं, पण हिंगात कणीक असते म्हणतात. मग सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं बिघडण्याचा आजार) असलेल्या मुलासाठी हिंग घालायचा की नाही? प्रश्न चोख आहे. मात्र त्याचा हिशेब मांडायला बसलं की हिंगाहून कितीतरी मोठा चोर सापडतो, आणि त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय सोऱ्याला हात लावण्यात अर्थ नाही.

आधी हिंग. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. मुळातून निघणारा चीक इतका उग्र आणि चिकट, की त्यात डिंक आणि कसलं तरी पीठ मिसळूनच तो वापरण्याजोगा होतो. आपल्या अन्नकायद्याला हे मिश्रण मान्य आहे. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं, काही उत्पादक तांदळाचं घालतात. डबीवरचे घटक वाचले की उलगडा होतो. म्हणजे बाईंची शंका खरी. आता तिचं वजन करू. गव्हाच्या पिठात साधारण दहा-बारा टक्के प्रथिनं, आणि त्यांतला चार-पंचमांश भाग ग्लुटेन. ढोबळमानाने एक ग्रॅम कणकेत ८० मिलिग्रॅम ग्लुटेन धरा. फोडणीतली चिमूट पाव ग्रॅमची, त्यात निम्मं पीठ म्हटलं तर १० मिलिग्रॅम ग्लुटेन झालं, आणि तेही चौघांच्या भाजीत. एकाच्या ताटात दोन-अडीच मिलिग्रॅम. ते शून्य नाही, आणि तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंग मिळत असताना गव्हाचा घेण्याचं कारणही नाही. डबी बदलली की हा विषय संपला.

आता तीच फूटपट्टी ज्वारीच्या पिठाला लावा. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवून घ्यायला पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत आहे आणि आपल्याकडच्या नियमांतही. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक पडली की मर्यादा गाठली. पाच किलोंच्या दळणात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम कणीक मिसळली, तर आकडा ४८ वर जातो. मर्यादेच्या दुपटीहून अधिक. आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत दोन दळणांच्या मध्ये मागे राहतं ते चमचाभर असतं का? दगडांच्या मधे, भोवतीच्या पत्र्याला, पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेल्या कापडात आधीच्या माणसाची कणीक बसलेली असते. गिरणीवाल्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या की थोडी गळते, उरलेली तुमच्या ज्वारीबरोबर घरी येते.

चिमूटभराने काय होतं, हा आक्षेप इथे हमखास येतो. त्याला मोजून दिलेलं उत्तर आहे. इटलीतल्या कार्लो कातासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गहू पूर्ण सोडलेल्या सीलिअ‍ॅक रुग्णांपैकी काहींना नव्वद दिवस रोज १० मिलिग्रॅम, काहींना ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तर काहींना ग्लुटेन नसलेली गोळी. ५० मिलिग्रॅमवाल्यांच्या आतड्यातल्या, अन्न शोषणाऱ्या बारीक झालरीला इजा झालेली दिसली. आता आपल्या गिरणीकडे या. पाच किलो ज्वारीत चार-पाच चमचे कणीक मिसळली की किलोमागे २०० मिलिग्रॅम होतं. त्या पिठाच्या तीन भाकऱ्या, म्हणजे पाव किलो पीठ, रोज खाल्लं तर बरोबर ५० मिलिग्रॅम. गव्हाचा कणही न खाल्ल्याच्या समाधानात. पोट दुखेल तेव्हा पाहू, असंही म्हणून भागत नाही, कारण कित्येकांचं पोट दुखतच नाही. आतली झीज निमूट चालू राहते आणि दिसतो तो रक्तक्षय किंवा मुलाची खुंटलेली वाढ. भाजून, तळून ग्लुटेन जातं हा समजही सोडा. तितक्या आचेने त्याचा उपद्रव जात नाही. (खपली चालतो, असं सांगणारेही भेटतात. खपली हा गहूच आहे.)

दुसरा आक्षेप जास्त मानी असतो : आमच्या गिरणीत स्वच्छता असते. असेल. पण प्रश्न घाणीचा नाहीच. अमेरिकेत ट्रिशिया थॉम्पसन यांनी २०१० साली मुळात ग्लुटेन नसलेली धान्यं आणि पिठं दुकानांतून आणून तपासली. बावीस नमुन्यांपैकी सातांत ग्लुटेन मर्यादेबाहेर निघालं, आणि त्यांत ज्वारीचं पीठही होतं. तो माल बंद पाकिटातला होता, कारखान्यात तयार झालेला. शेत, पोतं, गोदाम, दगड यांपैकी कुठेही गहू शेजारी असला की हे होतं. चोख दळणाऱ्या माणसाकडेही होतं.

गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. उपासाचं दळण गव्हावर टाकायचं नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. राजगिरा, शिंगाडा, वरी दळायची तर आधी गिरणी साफ करून घेतात, नाहीतर घरी मिक्सरमध्ये वाटतात. धान्याचा कण उपासाच्या पिठात गेला तर उपास मोडतो, हे ज्या घराला पटतं, त्या घराला गव्हाच्या कणाने आतडं बिघडतं हे पटायला जड का जावं? माझं म्हणणं इतकंच आहे, की सीलिअ‍ॅकवाल्या घराने ज्वारी-तांदळालाही उपासाच्या दळणाचा कडकपणा लावावा. पाककृती बदलण्याच्या आधी हे हवं. बाजारातली महागडी मिश्रणं आणून, गव्हासारखा केक कसा फुगेल याच्या मागे लागलेली घरं ज्वारी मात्र कोपऱ्यावरच दळून आणतात, तेव्हा पैसा आणि कष्ट दोन्ही चुकीच्या जागी गेलेले असतात.

मग दळायचं कुठे? घरघंटी परवडत असेल तर उत्तम, पण तिच्यात कणीकही दळलीत तर ती घरातली कोपऱ्यावरची गिरणीच झाली. गव्हाला तिथे कायमची बंदी हवी. नाही परवडत, तर माझा कल सरळ पिठाऐवजी अख्ख्या धान्याकडे आहे. अख्खं धान्य निवडता येतं, त्यातला गव्हाचा दाणा डोळ्यांना दिसतो, आणि वर बसलेली धूळ तीन-चार पाण्यांनी जाते. पीठ ना निवडता येतं, ना धुता येतं. कोकणातलं घावन या बाबतीत मला फार शहाणं वाटतं. तांदूळ धुऊन चार-पाच तास भिजवायचे, मिक्सरमध्ये गंधासारखे वाटायचे, मीठ घालून ताकाइतकं पातळ करायचं. बिडाचा तवा चांगला तापला की कडेकडून आत ओतत यायचं. पीठ पडताक्षणी चर्र आवाज होऊन जाळी पडली नाही, तर तवा थंड आहे किंवा पीठ दाट. दर घावनाआधी भांडं ढवळायचं, कारण तांदूळ तळाशी बसतो. झाकण ठेवून वाफ दिली की स्टार्च घट्ट होतो आणि घावन अखंड सुटतं. त्याला ग्लुटेनची गरजच पडत नाही. भिजवलेल्या मुगाचं धिरडं, आंबोळी याच वाटेने जातात. मुलाच्या डब्याला ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या वड्या, पोह्यांचा चिवडा आहेच. बेसनाचे लाडू मात्र घरी हरभराडाळ धुऊन, वाळवून, भाजून, दळून करा. बाहेरच्या लाडवात रवा असू शकतो.

एक सांगून ठेवतो. घरात कुणाला सीलिअ‍ॅक नसेल आणि केवळ बदल म्हणून गहू कमी करायचा असेल, तर वरचा सगळा काच तुमच्यासाठी नाही. कोपऱ्यावरची गिरणी आणि गव्हाचा हिंग, दोन्ही खुशाल चालू द्या. आणि ज्यांना नुसता संशय आहे त्यांनी रक्त तपासून घेण्याआधी गहू सोडू नये. गहू बंद करून गेलात तर आजार असूनही तपासणीत दिसणार नाही, आणि मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खाण्याची पाळी येईल.

राहिली भांडी. स्टीलची परात, पातेली घासून निघतात, त्यांची काळजी नको. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांतून कणीक निघत नाही, तेव्हा भाकरी-थालीपिठासाठी ती वेगळी हवीत. पिठाची चाळणी नवीनच घ्या; जुन्या जाळीत वर्षांची कणीक अडकलेली असते, ती कितीही आपटली तरी पूर्ण निघत नाही. आणि दिवाळीत शंकरपाळे तळलेलं तेल पुढच्या घाण्याला वापरू नका. चकल्या, शेव आधी ताज्या तेलात तळून घ्या, डबे बंद करून ठेवा, आणि मैद्याचं पाकीट त्यानंतर फोडा.