बेल्ट ग्राइंडर किती उंचीवर बसवायचा? आणि माझं उत्तर कसं चुकलं

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "प्रश्न कसा निवडायचा?" यावर मी सिद्धांत सांगण्यापेक्षा आमच्या देऊळगाव राजातली एक गोष्ट सांगतो. त्यात प्रश्न आयता मिळाला होता, तरी मी तो चुकवला.

गावातल्या एका वर्कशॉपमध्ये विळे, खुरपी, कुऱ्हाडी बनतात. लोखंड म्हणजे बहुतेक जुन्या ट्रकचे कमानपाटे. सोयाबीन काढणीच्या आधी विळ्यांची नुसती झुंबड असते. मालकांनी गेल्या वर्षी सहाणेच्या चाकाऐवजी बेल्ट ग्राइंडर घेतला आणि दुकानातल्याच जुन्या, 75 सेंटीमीटर उंच टेबलावर बसवला. आठ-दहा दिवसांत मिस्त्रींची मान धरली. मालक मला म्हणाले, "तू यातच पीएचडी करतोस ना? सांग मग उंची किती ठेवू."

मी जागेवरच सांगितलं, 95 सेंटीमीटर.

हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. एटिएन ग्रँडजीन या स्विस शास्त्रज्ञाच्या पुस्तकात उभ्याने करायच्या कामासाठी साधा नियम आहे. उंची जमिनीपासून नाही, कोपरापासून मोजायची. नाजूक काम कोपराच्या 5 ते 10 सेंटीमीटर वर, हलकं काम 10 ते 15 खाली, आणि जोर लावायचं काम 15 ते 40 खाली. पुरुषांची सरासरी कोपर-उंची त्यात 105 दिली आहे. त्यातून 10 वजा केले की 95. मालकांनी अँगल आणून, वेल्डिंग करून नवीन स्टँड बनवला. चौथ्या दिवशी मिस्त्री कामावर आले नाहीत, पाचव्या दिवशीही नाही. ऐन हंगामात! आता मानेबरोबर खांदाही भरून आला होता.

जाऊन पाहिलं तेव्हा चूक दिसली. म्हणजे चुका, दोन होत्या.

पहिली चूक अशी की मी टेबलाची उंची सांगितली, पण काम टेबलावर होत नाही, पट्ट्यावर होतं. पातं जिथे टेकतं ती जागा, म्हणजे पट्ट्यामागच्या सपाट लोखंडी पाटीचा मधला भाग, मशीनच्या बुडापासून 30 सेंटीमीटर वर होता. म्हणजे खरी कामाची उंची 125 झाली. पुस्तकातल्या नियमाचं गृहीतक असं की वस्तू टेबलावर पडलेली आहे. ते मी वाचलंच नाही, फक्त तक्ता वाचला.

दुसरी चूक म्हणजे तो 105 आकडा. मिस्त्रींची उंची 159. ड्रिलिस आणि कोंटिनी यांनी 1966 मध्ये दिलेल्या प्रमाणांनुसार कोपर-उंची साधारण एकूण उंचीच्या 0.63 पट असते, म्हणजे इथे 100. मोजपट्टी लावली तर अनवाणी 99.5 भरली, आणि रोजची चप्पल घालून 101.5. भारतीय मापांसाठी देबकुमार चक्रवर्ती यांचं 1997 चं अहमदाबादच्या एनआयडीचं पुस्तक आहे. सरासरी घ्यायचीच होती तर निदान तिथून घ्यायला हवी होती. पण समोर माणूस उभा असताना सरासरी कशाला? (आणि मोजताना चप्पल काढायला लावू नका. माणूस काम चप्पल घालूनच करतो.)

आता कोपर इतकं महत्त्वाचं का ते बघू. एका पूर्ण हाताचं वजन शरीराच्या साधारण 5 टक्के असतं. मिस्त्री 58 किलोचे, म्हणजे हात 2.9 किलो. दंड सरळ खाली लोंबता ठेवून फक्त कोपरात हात वाकवला, तर खांद्यावर बलाघूर्ण येतं ते पुढच्या हाताचं आणि पंजाचं: सुमारे 1.3 किलो, 17 सेंटीमीटर अंतरावर, म्हणजे 2 न्यूटन-मीटरच्या आसपास. तोच हात छातीपर्यंत पुढे उचलला की पूर्ण 2.9 किलो वजन सुमारे 25 सेंटीमीटर पुढे जातं: 2.9 × 9.8 × 0.25, म्हणजे 7.1. तिपटीहून जास्त, आणि हातातल्या विळ्याचं वजन अजून धरलेलंच नाही. हात टेकणीवर असेल तर भार कमी होतो, पण पातं पट्ट्यावरून सरकवताना तो सतत टेकलेला राहत नाही. शिवाय हा स्थिर भार असतो. स्नायू आखडून तसाच राहिला की त्यातला रक्तप्रवाह अडतो, म्हणून वजन उचलून ठेवण्यापेक्षा नुसतं धरून राहणं लवकर थकवतं.

मिस्त्रींचं म्हणणं वेगळंच होतं: "खालीच ठेव ना मशीन, मी पाटावर बसतो. आरणीवर सारा जन्म बसूनच गेला." मी आधी हसलो, पण कोपराचा नियम बसल्यावरही तोच लागू पडतो, त्यामुळे त्यांचं चूक नव्हतं. अडचण दुसरी होती. लांब पातं पट्ट्यावरून ओढताना अंग डावी-उजवीकडे झुकवावं लागतं, ते उभ्यानेच जमतं. आणि पट्टा तुटला किंवा ठिणग्या मांडीवर आल्या तर बसलेल्या माणसाला पटकन बाजूला होता येत नाही.

मग शेवटी करायला हवं होतं ते केलं. स्टँडचे पाय कापले (खर्च मी दिला) आणि खाली फळ्या घालून तीन उंची तपासल्या: पातं टेकण्याची जागा कोपराइतकी, 5 सेंटीमीटर खाली आणि 10 खाली. रोज क्रम बदलला, नाहीतर शेवटची उंची नेहमी थकलेल्या अंगावर येते आणि बदनाम होते. शरीराच्या चित्रावर कुठे, किती दुखतं याची खूण करून घेतली. ही पद्धत कॉर्लेट आणि बिशप यांची, 1976 ची. अगदी सोपी आहे, प्रबंधाच्या पूर्वचाचणीत जरूर वापरा.

मिस्त्रींना शेवटची धार काढायला कोपराइतकी उंची बरी वाटली. हेल्पर 174 उंच, बूट घालून त्याचं कोपर 112 वर. तो कच्चं घासतो, अंगाचा जोर लावतो, त्याला 10 खाली आवडलं. म्हणजे एकाला 101.5 हवं, दुसऱ्याला 102. उंचीत 15 सेंटीमीटरचा फरक असलेल्या दोघांना एकच स्टँड चालला, कारण त्यांची कामं वेगळी होती. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, हे सांगायला नकोच.

आता हिशोब करा. पातं टेकण्याची जागा 102 वर हवी, तर टेबल 72 चं लागतं. मूळ जुनं टेबल होतं 75 चं! फरक फक्त 3 सेंटीमीटर. मग पहिल्या आठवड्यात मान का धरली?

खांदा बरा झाला, पण मान दुखतच होती. एक दिवस नुसता बसून पाहिलं. धारेची रेघ बघायला मिस्त्री दर वेळी मान पुढे काढत होते. वय पन्नाशीच्या पुढे, जवळचा चष्मा खिशात. "काहून लावत नाही?" विचारलं तर म्हणाले, ठिणग्यांनी काच फुटकुळ्या धरते, दोन चष्मे गेले. खरंच आहे, पोलादाचे तापलेले कण काचेत रुततात. जुनी सहाण हळू फिरायची, पाणी असायचं, तिथे ही भानगड नव्हती. चष्म्यावरून घालायची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची ढाल आणि डाव्या बाजूने एक दिवा, एवढंच लागलं.

उंचीचा प्रश्न मालकांनी विचारला होता, मिस्त्रींनी नाही. त्यांना मी पहिल्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं.

हेल्पर सुट्टीवर असला की कच्चं घासणंही मिस्त्रींकडे येतं. तेव्हा त्यांना 10 सेंटीमीटर उंचीचा पाट लागतो: चार फूट लांब, अडीच फूट रुंद, वर रबर ठोकलेलं, म्हणजे बाजूला सरकताना पाय चुकत नाही. एरवी तो स्टँडखाली सरकवून ठेवलेला असतो.